बंद करायचं कारण

मंडळी, सांगायला लाज वाटतेय, पण सांगतो.

शेंद्र्याला एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. त्याच मस्तीत घरच्या कम्प्युटरवरही सर्व्हरचीच सिस्टिम टाकली. म्हटलं, आपण काय साधी वापरायची? बायको त्यावर लग्नपत्रिका डिझाइन करते.

ही सिस्टिम कम्प्युटर बंद करताना दरवेळी एक चौकट उघडून कारण विचारते. कंपनीत ते लागतंच, कोणी का बंद केलं याची नोंद राहते. घरी मी काहीतरी दोन अक्षरं बडवतो आणि उठतो.

आज संध्याकाळी खोलीत गेलो, तर ही त्या चौकटीत मन लावून टाइप करत होती: "कुकर लावायचा आहे. एक पत्रिका झाली. जेवणानंतर परत बसते."

मला हसूच आलं. "अगं, कोणासाठी एवढं लिहितेस?"

"तुमच्यासाठी. तुम्हीच लावलंय ना ते?"

"मी कशाला लावू?"

"मला काय माहीत? विचारतं तर अगदी तुमच्यासारखंच."

रागानं नाही बोलली. तेच लई लागलं. माहेरी निघाली, भिशीला निघाली, की माझं ठरलेलं असतं, "कशाला?"

कम्प्युटरचा तो प्रश्न आता काढून टाकलाय. दोन मिनिटांचं काम होतं.

तुमच्या घरातही कोणी अशी कारणं देत बसलंय का? आमच्याकडे ती कित्येक महिने मला उत्तरं लिहीत होती. मी एकही वाचलं नव्हतं.