जोडी हाय का?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या भाजे गावात पर्यटकांना लेण्यांतल्या भुताच्या गोष्टी मीच रंगवून सांगतो, कारण त्यानंतर बायकोच्या हातचं पिठलं-भाकरी जास्त खपतं. पण ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर स्वतःला थोडं बरं दाखवलं असतं.

बेगडेवाडी स्टेशनपासून जवळच एका कारखान्यात मी कामाला आहे. तिथे सुट्या भागांवर चांदी-सोन्याचा मुलामा चढवतात, आणि त्याला सायनाइड लागतं. या सायनाइडचं आणि ॲसिडचं हाडवैर. दोघं भेटले की असा वायू निघतो की माणूस दोन-चार श्वासांत आडवा. त्याला कडू बदामासारखा वास येतो म्हणतात, पण काहींना तो कळतच नाही. मी त्यांतला असणार... बायको म्हणते, भाजी करपून कोळसा झाली तरी तुम्ही विचारता, आज काय केलंय?

म्हणून सायनाइडच्या खोलीत एकट्याने जायचं नाही, हा नियम. आमचे जुने सुपरवायझर आबा, तिकोणा पेठचे. त्यांनी त्या नियमाची रीतच करून टाकली होती. दारात उभं राहून ओरडायचं, "जोडी हाय का?" मागच्याने खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "हाय!" मगच कडी काढायची. कोणी एकटाच घुसायला लागला की आबा कुठूनतरी उगवायचे, "न्हाई!" म्हणायचे आणि कॉलर धरून मागे ओढायचे. माझ्या दोन शर्टांच्या कॉलरी त्यांनीच उसवल्यात.

आबा रिटायर झाले. पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता पाटीवर लिहून बोलतात.

तर त्या शनिवारी मला दुपारची लोकल गाठायची होती. ती चुकली की पुढचीसाठी स्टेशनवर बसून मुंग्या मोजायच्या, आणि घरी जेवायला पाहुण्यांची मोठी टोळी येणार. त्या खोलीतल्या मुलाम्याच्या टाकीत सायनाइडचा शेवटचा डोस टाकला की मी सुटणार होतो. माझा जोडीदार रफिक वरच्या कॅन्टीनमध्ये वडापावात गुंतलेला. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, त्याला कशाला उठवू? वायू ओळखणारा, कमरेला लावायचा मीटर लॉकरमध्ये. मास्क होता... कपाळावर. लोक गॉगल चढवतात ना, तसा.

दारात गेलो आणि मस्ती सुचली. आबांची नक्कल करत, त्यांच्याच घोगऱ्या आवाजात ओरडलो, "जोडी हाय का रं?"

उजव्या खांद्यामागून, अगदी कानाशी आवाज आला —

"न्हाई!"

कडीवरचा हात काढला. मागे वळलो. रिकामा पॅसेज. फक्त फरशी पुसायचा मॉप भिंतीला टेकलेला, आणि मॉप बोलत नाही एवढं मला कळतं.

हा रफिकचाच चावटपणा, असं ठरवून मी तणतणत निघालो. जिन्यापाशी तोच खाली येताना भेटला, हातात अर्धा वडापाव. मी शिवी तोंडात तयार ठेवली होती, पण आधी तोच बोलला.

"आबा कधी आले रे? आवाज परत आला का त्यांचा? आत्ता त्यांचं 'न्हाई!' ऐकलं. कुणाला हाणतायत?"

माझी शिवी आत गेली ती गेलीच. सरळ लॉकर उघडला, मीटर कमरेला लावला, मास्क तोंडावर आणला. रफिक डोळे फाडून बघत होता. "आज सूर्य पवनेच्या धरणातून उगवला काय?"

दोघं दाराच्या दिशेने निघालो. अजून दहा पावलं असतील, तोच मीटर असा किंचाळला की रफिकचा उरलेला वडापाव उडाला.

पळालो! जाता जाता भिंतीवरचं भोंग्याचं बटण दाबलं. सगळा कारखाना बाहेर आला, वारा ज्या बाजूने येत होता तिकडे जमला आणि हजेरी सुरू झाली. शेवटचं नाव झालं, "हजर!" आणि हजेरी पूर्ण! मी इतक्या जोरात ओरडलो की लोकांना वाटलं, मॅच जिंकली.

हवेचे सिलेंडर पाठीला लावून आपत्कालीन टीम आत गेली. ॲसिडच्या टाकीचा पाइप चिरला होता आणि ओघळ थेट सायनाइडच्या गटारात उतरला होता. आतला पंखा आणि भिंतीवरचा अलार्म एकाच स्विचवर, तो स्विच आपोआप बंद पडलेला. म्हणजे मी कडी काढली असती तर... असो. लोकल गेली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी चुकल्यावर मी पेढे वाटले.

रविवारी मी आणि रफिक तिकोणा पेठेला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, पाटी ओढली, लिहिलं: "मास्क कुटं व्हता?"

"कपाळावर, आबा."

पाटीच्या कडेने टाळक्यात टोला! मग पोट धरून हसले, आवाज न करता.

रफिकने विचारलं, "आबा, खरं सांगा, तुमीच व्हता ना?"

आबांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "म्या हितंच व्हतो. कांदं निवडत." आणि पेढा उचलला.

बस. याच्यापुढे मला काही माहीत नाही. माझ्या डोक्यातला भास म्हणावा, तर रफिकच्या डोक्यात कसा शिरला? हुशार वाचकांनी सांगावं.

आता नव्या पोरांना सुरक्षेचे धडे मीच देतो. साहेब म्हणाले, "सगळ्या चुका तुम्हीच केल्यात, तुमच्याइतका अनुभवी माणूस कुठून आणू?" अलार्मला वेगळी लाइन आहे, पाइप नवा आहे. दारात मी रोज ओरडतो, "जोडी हाय का?" रफिक खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "हाय!"

तरी आम्ही दोघंही कडी लगेच काढत नाही. क्षणभर थांबतो... आणखी कोणाची हरकत नाही ना, ते ऐकायला.