होडी सुटल्यामुळे राहिलेला शेवट

आईने आयुष्यात थिएटरबिटरात जाऊन सिनेमे पाहिले नाहीत. लग्नाआधी एकदा तंबूतल्या टॉकीजला गेली, एक पिच्चर पाहिला, आणि तोच आम्हाला जन्मभर सांगत राहिली.

मे महिन्यात कोकमाचे रातांबे उतरले की आमच्या घरापुढच्या खळ्यात बायका बसतात. फळ फोडायचं, बिया एकीकडे, सालं दुसरीकडे. सालं रसामिठात घोळवून उन्हात घातली की आमसुलं होतात. हात लालभडक आणि काम काही संपत नाही. मग शेजारची काकी म्हणायची, "वैनी, सुरू कर गो तुझो पिच्चर."

आई सांगायची. तो शहरात जातो, ती वाट बघते. वर्षं जातात. शेवटी पिकल्या केसांनी तो दारात येतो. ती त्याला पाणी देते, त्याचं पिऊन होईपर्यंत थांबते आणि म्हणते, "वाट बघून झाली माजी. जावा आता तुमी." दार लावते. वर कडी घालते.

बारावीनंतर मला स्थळ आलं तेव्हा मी पाहुण्यांना चहा दिला, त्यांचा पिऊन होईपर्यंत थांबले आणि म्हटलं, मला कॉलेजला जायचंय. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

प्रेमाच्या सिनेमांचा विषय निघाला की जाणकार माणसं याच सिनेमाचं नाव घेतात. म्हणून यंदा मी तो लॅपटॉपवर उतरवून आणला आणि दुपारी खळ्यात, मांडवाखाली, सगळ्या बायकांसमोर लावला. आईला खूश करायचं होतं.

गाणी गोड होती. बाकी ती बाई नुसती रडते. खिडकीत रडते, देवळात रडते. मी मात्र त्या दाराची वाट बघत होते. तो आला. ती धावत जाऊन त्याच्या पायांवर पडली, त्याने तिला उठवलं, आणि संपलं. मागे दार सताड उघडं.

माझा इतका विरस झाला की तोंडातून गेलंच, "आये, दार खंय आसा ह्यात? तू आमका खोटा सांगलंस?"

बायका हसल्या. काकी म्हणाली, "वैनी, तुका तंबूवाल्यान दुसरोच पिच्चर दाखवलो वाटता!"

आई हसली नाही. हातातला रातांबा फोडून म्हणाली, "शेवट खंय बघलंय मी? ओहोटी लागली, होडयेवाल्यान हाक मारल्यान."

तिचं माहेर वालावलीकडे, खाडीकाठी. तंबू पलीकडच्या तीरावर. ओहोटीत होडी चिखलात रुतायची, म्हणून अलीकडची माणसं शेवट टाकून उठायची. त्या दिवशी आई आणि तिच्या मैत्रिणीही उठल्या. "होडयेत बसान सगळ्या चेडवांनी आपापलो शेवट केलो," आई म्हणाली. "माका माझोच बरो वाटलो."

आईला पहिलं स्थळ आलं तेव्हा तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ज्या घरात तिला दिलं त्याच घरात बसून तिने मला ते दार दिलं, आणि मी चार बायकांत तिला खोटं ठरवलं. शिकल्याचा हा उपयोग.

दुसऱ्या दिवसापासून खळ्यात नुसता फळं फुटल्याचा आवाज. काकीने एकदा विचारलं तर आई म्हणाली, "माका कित्याक इचारतंस? तिणां आख्खो बघल्यान. तिकाच इचार."

ते मला लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. दोन दिवस मी आईच्या नजरेला नजर दिली नाही. रविवार उजाडला. रातांबे संपत आले होते. मी पाट ओढून बसले आणि कोणी न विचारता पिच्चर सांगायला लागले. मला आईसारखं सांगता येत नाही, मधेच अडखळते. तरी तो शहरात गेला, तिने वाट पाहिली, तो पिकल्या केसांनी दारात आला. तिने पाणी दिलं. त्याचं पिऊन होईपर्यंत थांबली.

"वाट बघून झाली माजी," मी म्हटलं. "जावा आता तुमी. आणि दार लावल्यान."

यावेळी कोणी हसलं नाही. काकी मान खाली घालून फळं फोडत राहिली. मी आईकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"कडी इसारलंस," ती म्हणाली.

"घातल्यान, आये. कडी घातल्यान."

आईने पुढची टोपली ओढली.