फॉर्मवर मी तिचं नाव लिहिलं

ह्यांचा बीडला बसस्टँडजवळ एसटीडी बूथ होता आणि मी नेकनूरच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका. बूथ चालत होता तोवर आमची ऐट बघण्यासारखी होती. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि बूथमध्ये ह्यांच्याशिवाय कोणी बसेना. जागेचं भाडं, फोनची बिलं, सगळं माझ्या पगारावर येऊन पडलं. नेमका त्याच वर्षी औरंगाबादहून बँकेचा एक टायवाला शाळेत आला आणि आमच्या पगाराच्या स्लिपा बघून क्रेडिट कार्डाचे फॉर्म वाटून गेला. त्याचा टाय बघून आमचे मुख्याध्यापकसुद्धा खुर्चीतून उठले होते, तिथे माझी काय कथा.

फॉर्मवर ओळखीच्या एका व्यक्तीचं नाव, पत्ता आणि फोन मागितला होता. आम्हा शिक्षकांना कर्ज ठाऊक होतं ते पतसंस्थेचं, आणि पतसंस्था जामीनदाराशिवाय दारात उभं करत नाही. शाळेत आम्ही सगळे एकमेकांना जामीन होतो. एकाने हप्ता बुडवला की दुसऱ्याच्या पगारातून कापून घेत. तो रकाना मी जामीनदाराचाच समजले. शेजारी पाचवीचा वर्ग सांभाळणारी माझी मैत्रीण बसली होती. आम्ही रोज एकाच जीपने बीडहून यायचो. नवरा गेलेला, पदरी एक मुलगी, आणि सगळा भार तिच्या एकटीच्या पगारावर. "तुझं नाव टाकू का गं?" मी विचारलं.

"टाका की ताई, त्यात काय इचारायचं?" ती म्हणाली. तिनेही तोच अर्थ घेतला होता.

कार्डावर मी मशीनमधून रोख पैसे काढत गेले. दर महिन्याच्या बिलावर दोन आकडे असायचे, एक मोठा, एक छोटा. छोट्याला मी हप्ता समजले आणि दीड वर्ष इमानेइतबारे भरत राहिले. एकदा ह्यांनी जुनं आणि नवं बिल शेजारी ठेवलं, तर मधे काही काढलेलं नसूनही मोठा आकडा वाढलेला! सातवीच्या पोरांना व्याजाची गणितं घालणारी बाई मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. रागाच्या भरात मी दोन महिने काहीच भरलं नाही.

मग फोन सुरू झाले. फॉर्मवर बूथचाच नंबर दिला होता, त्यामुळे उरलीसुरली गिऱ्हाइकं समोर असताना ह्यांना माझी चौकशी ऐकून घ्यावी लागायची. एका रविवारी फोन मी उचलला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. "मॅडम, तुमच्या मैत्रिणीचं नाव आहे आमच्याकडे. त्यांच्याशी बोलू का?"

"नको, मी भरते," एवढंच कसंबसं बोलले. भरायला होतं काय? त्या महिन्यात घरात किराणासुद्धा उधार आला होता.

तिला सांगायला हवं होतं. रोज जीपमध्ये बसताना ठरवायचे, वाटेत मांजरसुंब्याला जीप थांबली की सांगायचं. जीप थांबायची, आम्ही चहा प्यायचो, ती पोरीचं काहीबाही सांगायची आणि तेवढ्यात जीप सुटायची. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, की माझ्यामुळे हिच्या चुलीवरचं काढून नेतील आणि ही माझं तोंड बघणार नाही.

पुढे फोन एकदम बंद झाले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण माझी तर पाचावर धारण बसली. माझा पिच्छा सोडला, म्हणजे आता तिच्या पगाराला हात घालणार! बँकेची पाकिटं मी फोडायचीच बंद केली. पगाराच्या दिवशी पगारपत्रकावर सही करताना माझी नजर आधी तिच्या कपातीच्या रकान्यावर जायची. काही कापलेलं नसायचं. मग मी निर्धास्त व्हायचे, ते पुढच्या पगारापर्यंत.

त्या वर्षी तिची मुलगी बारावी होऊन घरीच बसली. "नर्सिंगला नंबर न्हाई लागला," मैत्रीण म्हणाली. मी तेव्हा त्या मुलीला समोर बसवून चांगलं सुनावलं होतं, की अभ्यासात लक्ष घातलं असतंस तर ही वेळ आली नसती, आईच्या कष्टांची काही जाणीव ठेव. मुलीने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

शेवटी फंडातून ॲडव्हान्स मंजूर झाला आणि आम्ही दोघं सगळं एकदाच फेडायला औरंगाबादला गेलो. बँकेतल्या बाईने कॉम्प्युटरवर बघितलं. "मधले पाच महिने तुम्ही भरलेत की. बीडहून डीडी आलेत." मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. "जामीनदाराकडून घेतले का हो?" मी विचारलं.

बाई हसल्या. "जामीनदार कसला? ते नाव नुसतं ओळखीपुरतं असतं. त्यांचा पैशाशी काही संबंध नाही."

बसमधून उतरले ती थेट मैत्रिणीच्या घरी गेले. ती तांदूळ निवडत होती. मी डीडीचं नाव काढलं तशी तिने सूप बाजूला ठेवलं.

"शेजारच्यांच्या फोनवर फोन आलता. मी म्हनलं, मी भरते, पर ताईंना काई बोलू नका. पगारातून कापलं असतं तर हेडमास्तरला कळलं असतं. समद्या शाळंत तुमचं नाव झालं असतं."

"अगं, पण मला का नाही सांगितलंस?"

"तुमी कावून न्हाई सांगितलं?"

मुलगी पाणी घेऊन आली. पाच महिन्यांचे पैसे हिने आणले कुठून, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं. मी मुलीलाच विचारलं, नर्सिंगला नंबर खरंच लागला नव्हता का.

"लागलता," ती म्हणाली. "फी भरली न्हाई."

तिच्या आईला सांगायचं होतं, ते पैसे तुला भरायचेच नव्हते. शब्द ओठांवर आले होते. पण मग पोरीचं वर्ष कशासाठी गेलं, असं तिने विचारलं असतं. "पै न् पै परत करते," एवढंच बोलून मी उठले. चार पगारांत परत केलेही. पुढच्या वर्षी मुलगी नर्सिंगला गेली.

पुढे घरासाठी कर्ज मागितलं तेव्हा बँकेच्या मॅनेजरने पहिल्यांदा नाही म्हटलं. कार्डाचे दोन महिने थकल्याची नोंद होती. मग मी स्कूटरसाठी छोटं कर्ज घेतलं आणि प्रत्येक हप्ता तारखेच्या आधी भरला. दुसऱ्या खेपेला तोच मॅनेजर खूश झाला. "नाव सुधारलं तुमचं मॅडम. अन् त्या कार्डाचंही दोन महिन्यांनंतर भरणं सुरूच होतं की. अडचणीतही तुम्ही सोडलं नाही, ते इथं दिसतं." ते कोणी सोडलं नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ह्या कर्जाला मात्र खरा जामीनदार लागत होता. मी विचारायच्या आतच ती म्हणाली, मी येते. मॅनेजरसमोर तिने चष्मा लावला, फॉर्म उलटून पाहिला आणि पेन हातात धरून थांबली.

"ताई, इथं सही घेतेत. तवा तर माजी सही कुनीच घेतली नव्हती. नुसतं नाव होतं न्हवं?"

मॅनेजर आमच्याकडे बघत होता.

"तेव्हा नियम वेगळे होते," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि सही केली.