ढगातून खाली

उंच क्रेनच्या केबिनमध्ये सतरा वर्षं बसलेल्या त्या चालकाला खालचे सगळे ‘ढगातले काका’ म्हणत. सकाळी सातला एकशे बेचाळीस पायऱ्यांची शिडी चढून गृहस्थ वर गेले, की सुटीच्या भोंग्यालाच खाली. बाकीचे चालक लघवीसाठी दोनतीनदा उतरत. काका पाणीही घोटभरच पीत आणि मिशीला पीळ देत सांगत, आपल्याला लघवी लागतच नाही. मुकादम नव्या चालकांना त्यांचा दाखला देई.

त्याच काकांना सहा महिन्यांत तिसऱ्यांदा हुडहुडी भरून ताप आला आणि तिसऱ्यांदा लघवीत जंतू निघाले. आता तब्येत तपासून घेऊन डॉक्टरीणबाईंची सही आणल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही, असं कंपनीने बजावलं.

काकांचं डोकं चक्रावलं. असले रोग घाणेरड्या संडासातून येतात हे त्यांना पक्कं ठाऊक. पण ते तर दिवसभर तिकडे फिरकतही नव्हते! जिथे गेलोच नाही तिथून रोग आणला कसा? त्यांनी आधी शिडीच्या गंजावर संशय घेतला, मग नळाच्या पाण्यावर, मग बायकोने आणलेल्या नव्या साबणावर. साबणाचं नाव काढताच काकूंनी त्यांना असं फैलावर घेतलं की तो विषय तिथेच मिटला. मधुमेह मात्र कुणाच्या ध्यानात आला नाही. तो बारा वर्षांचा जुना. गोळी गिळली की काका त्याला विसरत.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी लघवीला पाठवलं आणि लगेच सोनोग्राफी केली. मूत्राशय अजून अर्धं भरलेलं होतं. काका पडद्याकडे बघतच राहिले. आत्ताच तर ते मोकळे होऊन आले होते. मग हे कुणाचं?

बाईंनी समजावलं. साखर फार वाढली की लघवीतही उतरते आणि जंतूंना आयतं खायला मिळतं. त्यांना हुसकावण्याची अंगातली ताकदही मंदावते. त्यात वर्षानुवर्षांच्या साखरेने मूत्राशयाच्या नसा बधिर होतात. ते भरल्याचं कळत नाही, धड रिकामंही होत नाही, आणि साचलेल्यात जंतू मजेत वाढतात. ते मूत्रपिंडापर्यंत गेले तर क्रेन राहील बाजूला, जिवावर बेतेल.

काकांना निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. एकच गोष्ट टोचत राहिली.

“म्हणजे मला लागत नव्हती, ते...”

“तो आजार होता, काका. किती वर्षांपासून, ते मलाही सांगता येणार नाही.”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची चारचौघांत फुशारकी मारली, ते हे!

बाईंनी सही केली, पण अटी घालून. औषध पुरतं संपवायचं, साखर ताब्यात ठेवायची, पाणी नीट प्यायचं आणि दर तीन तासांनी, लागो न लागो, खाली उतरून जाऊन यायचं.

सोमवारी सकाळी दहाला क्रेन थांबली. एकशे बेचाळीस पायऱ्या उतरून काका खाली आले, तेव्हा हातातली कामं सोडून सगळे बघत होते. मुकादम घाबराघुबरा होऊन पुढे आला.

“काका, तुम्ही? लागली का काय?”

“काही कळत नाही रे,” काका म्हणाले. “म्हणून घड्याळ बघून उतरलो.”