खालच्या काकांची कुरडई

उन्हाळ्याची आतुरतेने वाट पाहणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता आणि तो आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहत होता. होळी झाली की गंगापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमधली बाकीची मंडळी पंखे पुसायला काढत, माठ धुऊन ठेवत आणि उकाड्याच्या नावाने बोटं मोडत. खालचे काका मात्र भर दुपारी गच्चीवर जाऊन हाताचा पंजा उन्हात धरून उभे राहत आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळात बघत. किती मिनिटांत चटका बसतो यावरून कुरडया कधी घालायच्या ते ठरे. "सूनबाई, आज चार मिनिटं. अजून ऊन कच्चं आहे," असा निरोप जिन्यातूनच येई. बिल्डिंगमधल्या सगळ्या सुना त्यांच्या सूनबाई होत्या. पण हा निरोप फक्त मला असे, आणि त्याला कारण होतं.

काका सरकारी खात्यात जन्मभर धरणांचे नकाशे काढत होते. घरात त्यांनी पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतला नसेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काकू गेल्या, तेव्हा फडताळात कुरडयांचा एक डबा शिल्लक राहिला होता. काकूंची कुरडई तळली की ताटाएवढी फुलायची आणि जुईसारखी पांढरी दिसायची. तो डबा काकांनी वर्षभर पुरवला. शेवटची कुरडई संपली त्या दिवशी ते वर आले आणि मला म्हणाले, "ती हे कसं करायची, तुम्ही कधी पाहिलंत का हो?" मी पाहिलं नव्हतं. मला आयतं खायची सवय होती. काका म्हणाले, "मग मलाच शोधून काढायला हवं." इतक्या गंभीरपणे त्यांनी एखादं धरणसुद्धा बांधायला घेतलं नसेल.

गहू सिन्नरचाच हवा, कारण काकू तिथल्या एका ठरावीक दुकानातून आणायच्या. दोन किलो गव्हासाठी काका एसटीने सिन्नरला जात आणि दुकानदाराशी गव्हाच्या स्वभावावर तासभर बोलून येत. तीन दिवस गहू भिजत पडले की ते रोज पाणी बदलत आणि प्रत्येक वेळी त्या पाण्याचा वास घेऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नोंद करत. चीक शिजवायचा दिवस म्हणजे तर घरचं लग्नच. पहाटे पाचला डोक्याला ओला पंचा गुंडाळून ते पातेल्यापुढे उभे राहत आणि जिन्यातून जो जाईल त्याला आत ओढून चमच्यावर गरम चीक देत. "मीठ बघा. हिंग बघा. खरं सांगा, भीड नको." एकदा दूधवाल्याने खरं सांगितलं, तर काकांनी त्याला बसवून घेतलं आणि चूक कुठे झाली असेल ते विचारलं. त्या दिवशी बिल्डिंगला दूध आठ वाजता मिळालं. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर त्यांनी कंपासने वर्तुळं आखली होती. प्रत्येक कुरडई त्या वर्तुळातच बसली पाहिजे. एखादी बाहेर गेली की काका सोऱ्या खाली ठेवून डोळे मिटून घेत. कावळ्यांसाठी जुन्या कॅसेटची रिळं उलगडून बांधली होती, आणि तरीही जो कावळा येई त्याच्याशी ते छत्री उगारून अहोजाहो करत बोलत. "अहो, तुम्हाला समजत नाही का? वाळायच्यात अजून!"

आता माझ्या निरोपाचं कारण. काकांना हृदयाचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं. बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलीने तर जाताना घरातली कढईच उचलून नेली. वर्षातून एकच दिवस सवलत होती, अक्षय्य तृतीयेचा. त्या दिवशी काका आमच्याकडे आमरसाला येत. वर्षभराची सगळी मेहनत एका डब्यात भरून त्यांनी चार दिवस आधी माझ्या हवाली केलेली असे. वाळलेली कुरडई काही बोलत नाही, तिचं खरं रूप तेलात पडल्यावर कळतं. म्हणजे काकांच्या वर्षाचा निकाल माझ्या कढईत लागायचा. पहिल्या वर्षी कुरडई आंबट झाली. दुसऱ्या वर्षी तांबूस. तिसऱ्या वर्षी फुललीच नाही, नुसती कुरकुरली. काका एकच घास घेत, डोळे मिटून चावत आणि म्हणत, "नाही. अजून ती नाही." मग रस वाटीभर जास्त पीत आणि खाली जाऊन कॅलेंडरवर लिहीत. उरलेला तो डबा आम्ही भाद्रपदापर्यंत कसाबसा संपवायचो. माझे यजमान त्याला शिक्षा म्हणायचे आणि मी हसायचे.

सातव्या वर्षी अक्षय्य तृतीयेलाच माझ्या नणंदेला बघायला पुण्याची मंडळी येणार होती. ओट्यावर काकांचा डबा आलेला होता. मी तो उघडूनही पाहिला नाही. पुण्याच्या माणसांपुढे त्या तांबड्या, आंबट कुरडया कशा वाढायच्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. धुण्याभांड्याला येणाऱ्या यमुनाबाईला मी तो डबा देऊन टाकला. म्हटलं, पोरांना होतील. मग रविवार कारंज्यावर जाऊन तिथल्या एका बाईकडून विकतच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया आणल्या आणि त्या तळल्या. काकांना काय सांगायचं याचा मी विचारच केला नव्हता. खरं सांगायचं तर, त्यांचा विचारच केला नव्हता.

काका पाहुण्यांच्या पंगतीत बसले. ताटात कुरडई आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तुकडा मोडला, खाल्ला, आणि डोळे मिटलेलेच ठेवले. मी हातात रसाचं भांडं घेऊन उभी होते. काका म्हणाले, "सूनबाई, जमलं." त्यांचा आवाज फुटला. पुण्याची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. काका म्हणाले, "एक कागदात बांधून द्या. हिला दाखवून येतो." आणि रस तसाच टाकून, ती विकतची कुरडई दोन्ही हातांत धरून, ते खाली काकूंच्या फोटोपुढे ठेवायला गेले. तेव्हाच त्यांना जिन्यात गाठून मी खरं सांगायला हवं होतं. पण पाहुणे होते, नणंदेचं जमायचं होतं, आणि मला वाटलं, म्हातारा माणूस खूश आहे तर असू दे की! या "असू दे की"ची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी यमुनाबाईने डबा घासूनपुसून परत आणला. म्हणाली, "ताई, औंदा काकांच्या कुरडया लय भारी झाल्या व्हत्या. पांढऱ्या फेक! एकेक ताटभर फुलली. पोरांनी दोन दिवसांत फडशा पाडला."

"एकसुद्धा उरली नाही?"

"नाय ना, ताई. मला काय ठावं तुमाला पायजे व्हत्या म्हून?"

मी तो रिकामा डबा उघडून पाहिला. सात वर्षं ज्या कुरडईसाठी त्या माणसाने सिन्नरच्या वाऱ्या केल्या, कावळ्यांची मनधरणी केली, ती खरोखरच जमली होती. आणि ती सोडून मी त्यांना रविवार कारंज्यावरची वाढली होती. यमुनाबाईच्या पोरांना कळलं, पण काकांना ती चव कळली नाही. त्यांना आनंद झाला तो भलत्याच्याच हातच्या कुरडईचा.

पुढच्या वर्षी सगळं निस्तरायचं असं मी ठरवलं. काका पुन्हा कुरडया घालतील, मी त्यांच्याच तळीन आणि गपचूप ताटात वाढीन, म्हणजे झालं. होळी झाली. गच्चीवर कोणी आलं नाही. मीच खाली गेले आणि विचारलं, "काका, ऊन किती मिनिटांवर आलंय?" काका गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. हसून म्हणाले, "आता कशाला? पास झाल्यावर पुन्हा परीक्षेला कोण बसतं?" आणि त्यांनी सोऱ्या आणि ते कॅलेंडर माझ्या हातात ठेवलं. त्या उन्हाळ्यात ते कुणालाही जिन्यात अडवून चीक देत नव्हते. कावळे गच्चीवर निर्धास्त बसायचे. अक्षय्य तृतीयेला मी पुन्हा रविवार कारंज्यावरच्या त्याच बाईकडून कुरडया आणल्या, दुसरं काय करणार होते? काकांनी घास घेतला आणि माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "छान आहे. पण आपल्या गेल्या वर्षीच्या कुरडईची सर नाही हो हिला."

त्या पावसाळ्यात मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन गेली. रिक्षा फाटकाशी उभी होती, सामान चढलं होतं. मी म्हटलं, "काका, त्या दिवशीची कुरडई..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "विसरेन का? तुमच्यामुळे तर खायला मिळाली." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतेय. दिवाळीच्या आधी मुलीचा फोन आला, काका गेले.

पुढच्या वैशाखात मी ते कॅलेंडर भिंतीला लावलं आणि सिन्नरहून गहू आणले. वर्षावर्षाच्या नोंदी होत्या: आंबट, पाणी कमी बदलले. तांबूस, निवळी नीट ओतली नाही. घाई केली, ती रागावली असती. शेवटच्या नोंदीत सगळं प्रमाण बारीक अक्षरात होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, "जमले. सूनबाईंनी तळली." मी तसंच्या तसं केलं, अगदी कंपासच्या वर्तुळांसकट. तेलात टाकली तशी कुरडई पांढरीशुभ्र फुलली आणि कढईत मावेना. तेव्हापासून दरवर्षी पहिली कुरडई वेगळी काढून ठेवते आणि हळूच म्हणते, "काका, ही तुमची." त्या दिवशी पंगतीत रसाचं भांडं हातात असताना मी "ही तुमची नाही" एवढंच म्हणायला हवं होतं.