एक कुटुंब, एक मत

नागपूरच्या एका कॉलेजात मी सात वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. नवऱ्याला वेल्समधल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली आणि आम्ही मुलीला घेऊन कार्डिफपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात राहायला आलो. माझ्या सात वर्षांचं इथे कुणाला काही नव्हतं. दीड वर्ष अर्ज केल्यावर एक काम मिळालं, आठवड्यातून दोन दिवसांचं. कार्डिफला युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले एक प्राध्यापक अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या निवडणुकांचा इतिहास लिहीत होते. राज्याच्या आणि केंद्राच्या, गव्हर्नरपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत सगळ्या. तरुणपणी ते तिकडे काही वर्षं शिकवायला होते, तेव्हापासून हा विषय त्यांच्या डोक्यात बसलेला. त्यांना कोष्टकं तयार करून देणारं कुणीतरी हवं होतं.

काम कंटाळवाणं होतं. मायक्रोफिल्मच्या मशीनसमोर बसायचं, जुन्या अहवालांतले आकडे वाचायचे आणि कॉम्प्युटरवर भरायचे. राज्यात ब्याऐंशी काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यांसारख्या समजा. प्रत्येक निवडणुकीला ब्याऐंशी ओळी. पहिले चार महिने मी डोकं न वापरता ते केलं. ट्रेनमध्ये बसून घरी जाताना डोळ्यांसमोर आकडे नाचायचे.

मग एके दिवशी मी एका काउंटीची लोकसंख्या पाहिली आणि तिथे पडलेली मतं पाहिली. मला वाटलं, माझंच एक शून्य राहून गेलं. पुन्हा फिल्म लावली. आकडा बरोबर होता. शेजारची काउंटी पाहिली, तिथेही तेच.

मी प्राध्यापकांना विचारलं, ‘‘इथली माणसं मत द्यायला का गेली नाहीत?’’

ते म्हणाले, ‘‘गेली होती. काळ्या माणसांना परत पाठवलं.’’

त्यांनी कपाटातून एक फोटोकॉपी काढून दिली. मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा अर्ज होता तो. अर्जदाराने राज्यघटनेतलं एक कलम हाताने उतरवून काढायचं, त्याचा अर्थ लिहायचा, आणि नागरिकाची कर्तव्यं कोणती तेही लिहायचं. कोणतं कलम द्यायचं ते कारकून ठरवणार. उत्तर बरोबर की चूक तेही कारकूनच ठरवणार. माझ्या हातातला अर्ज एका काळ्या शिक्षिकेचा होता. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. अर्थ असा लिहिला होता, की मी परीक्षक असते तर पैकीच्या पैकी दिले असते. खाली कारकुनाने तीन शब्दांचा शेरा मारला होता, अर्थ एकच, नापास. त्या कारकुनाच्या तीन शब्दांत स्पेलिंगच्या दोन चुका होत्या.

मी सात वर्षं वर्गात प्रौढ मताधिकार शिकवला होता. व्याख्या, वैशिष्ट्यं, टीपा लिहा. तो अर्ज हातात येईपर्यंत मला त्या विषयाचा कधी राग आला नव्हता. त्या दिवशी आला, आणि मग तो गेलाच नाही. पुढे कोष्टकं भरताना मी प्रत्येक काउंटीपुढे आणखी एक रकाना करायला लागले. वयात आलेली माणसं किती आणि त्यांतली यादीवर किती. प्राध्यापकांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘याने पुस्तक जाड होईल.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘होऊ दे.’’

याच काळात इकडे पार्लमेंटची निवडणूक आली. आम्ही भारतीय पासपोर्टवाले, पण कॉमनवेल्थमधले म्हणून इथे राहतो तोवर आम्हाला मत देता येतं. मला माझ्या नावाचं वेगळं पोलिंग कार्ड आलं. प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये पोलिंग स्टेशन होतं. टेबलामागच्या बाईंनी माझं नाव शोधलं, यादीत पट्टी ठेवून रेघ मारली, कागद हातात दिला. माझा नवरा कोण, तो कुठे आहे, असं काही त्यांनी विचारलं नाही. दोन मिनिटांत मी बाहेर होते.

हे सगळं सांगितलं, कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आमच्या मंडळाची वार्षिक सभा झाली.

मंडळ छोटं होतं. आसपासच्या चार-पाच हॉस्पिटलांतल्या मराठी डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी काढलेलं. मागाहून कार्डिफ-ब्रिस्टलचे सॉफ्टवेअरवाले येऊन मिळालेले. गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू, उन्हाळ्यात एक बार्बेक्यू. सभा चर्चच्या हॉलमध्ये होत असे आणि सभेनंतर जेवण. मी दरवर्षी जात होते, पण सभेला कधी बसले नव्हते. आम्ही बायका त्या वेळी किचनमध्ये पुऱ्या लाटत असायचो. सभासदत्वाच्या फॉर्मवर नवऱ्याने सही केली होती. माझं नाव ‘कुटुंबातील इतर व्यक्ती’ या ओळीत, मुलीच्या वर. तीन वर्षं तो फॉर्म आमच्या घरातून गेला आणि मी, राज्यशास्त्र शिकवणारी बाई, तो कधी वाचला नाही. याबद्दल मला अजूनही कुणापेक्षाही स्वतःचा जास्त राग येतो.

त्या वर्षी मी सभेला बसले ते काकूंमुळे. काकू म्हणजे मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून तीस वर्षं खाणकामगारांच्या वस्तीत प्रॅक्टिस केलेली बाई. मंडळाची पहिली बैठक त्यांच्याच बैठकीच्या खोलीत झाली होती. मार्चमध्ये काका गेले. सभेच्या दिवशी काकू किचनच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘जरा माझ्याबरोबर आत येऊन बस गं. एकटीला कसंसंच वाटतं. इतकी वर्षं हे बसायचे.’’

मी हात धुतले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. व्यासपीठाजवळ सेक्रेटरी होते. तेही डॉक्टर, बोलायला गोड, प्रत्येक बाईला वहिनी म्हणणारे. माझा नवरा पुढच्या रांगेत. त्याला त्या वर्षी कमिटीत उभं राहायचं होतं.

सेक्रेटरींनी यादी वाचून हजेरी घेतली. काकांचं आडनाव आलंच नाही. काकूंनी हात वर केला.

‘‘माझं नाव राहिलं का हो?’’

‘‘काकू, तुम्ही आमच्याच आहात,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘पण सभासदत्व काकांच्या नावावर होतं. मंडळाच्या घटनेप्रमाणे एक कुटुंब, एक मत, आणि ते कुटुंबप्रमुखाचं. तुम्ही नवा फॉर्म भरा. नव्या सभासदाला एक वर्षाने मत देता येतं. किंवा चिरंजीव ब्रिस्टलला आहेत, त्यांना प्रमुख म्हणून दाखवलं तर लगेच करता येईल.’’

काकू म्हणाल्या, ‘‘तो मराठी बोलतसुद्धा नाही.’’

‘‘नियम आहे, काकू. मी काय करणार?’’

काकूंनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.  ज्या बाईने यातल्या अर्ध्या लोकांना आल्या आल्या आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, तिच्याकडे त्या क्षणी कुणी पाहत नव्हतं. सगळे अजेंड्याचा कागद वाचत होते.

मी उभी राहिले. माझा आवाज कापत होता, आणि तो कापतोय याचाही मला संताप आला.

‘‘हा नियम कुणी केला?’’

‘‘सर्वांनी मिळून, वहिनी.’’

‘‘सर्वांनी म्हणजे कुणी? त्या सभेत किती बायकांनी मत दिलं होतं?’’

सेक्रेटरी हसले. ‘‘वहिनी, इथे कुणी कुणाला अडवलंय का? घरून ठरवून यायचं. आमच्याकडे तर सगळं आमच्या मिसेसच ठरवतात.’’

हॉल हसला. आमच्या घरीही तेच, असं मागून कुणीतरी म्हणालं. मला ते हसणं आजही ऐकू येतं. शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं. त्या हसण्याला काय उत्तर देणार?

मी म्हटलं, ‘‘मी मे महिन्यात या देशाच्या पार्लमेंटसाठी मत दिलं. भारताच्या पासपोर्टवर. तिथे मला कुणी विचारलं नाही, तुमच्या घरचं काय ठरलं म्हणून. आणि गणपतीचा हॉल कोणता घ्यायचा याला मला मत नाही? काकूंना नाही? मी ठराव मांडते. प्रत्येक प्रौढ व्यक्तीला एक मत.’’

नवरा मागे वळला आणि हळूच म्हणाला, ‘‘बस ना. नंतर बोलू.’’

मी बसले नाही. सेक्रेटरींनी शांतपणे सांगितलं, की ठराव मांडायचा हक्क सभासदाला आहे, मी सभासद नाही, कुटुंबातील व्यक्ती आहे. तरीही लोकशाही म्हणून ते ठराव मतदानाला टाकतात. आणि मग त्यांनी मतदान घेतलं. मत कुणी द्यायचं? कुटुंबप्रमुखांनी. बायकांना मत असावं की नसावं, हे ठरवायला हॉलमधल्या पुरुषांनी हात वर केले. ठरावाच्या बाजूने चार हात आले. विरोधात किती आले ते मी मोजले नाहीत. मी एकच हात पाहत होते. नवऱ्याचा हात कुठल्याच वेळी वर गेला नाही. तो अजेंड्याचा कागद घडी घालत बसला होता.

किचनच्या खिडकीतून बायका ऐकत होत्या. मी आत गेले. एकीने माझ्या हातात लाटणं दिलं. मी ते ओट्यावर ठेवलं, कोट घेतला, मुलीला बोलावलं आणि काकूंना घेऊन बाहेर पडले.

गाडीत मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू इतका का रागावला?’’

एरवी मी तिचं मराठी दुरुस्त करते. त्या दिवशी केलं नाही. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, ‘‘रागावू दे गं तिला. मी वेळेवर रागावले असते तर बरं झालं असतं. हा नियम केला तेव्हा मी चहा करत होते.’’

नवरा कुणाच्या तरी गाडीतून संध्याकाळी आला. मी त्याला विचारलं, ‘‘विरोधात तरी हात वर करायचा. निदान कळलं असतं.’’

‘‘अगं, एवढंसं मंडळ ते. त्याचा काय इश्यू करायचा? त्या लोकांबरोबर मला रोज ऑपरेशन थिएटरमध्ये काम करायचंय.’’

‘‘मिसिसिपीतला कारकूनसुद्धा गावातल्यांना दुखवायला नको म्हणूनच नापास लिहीत असेल.’’

‘‘हे जरा जास्त होतंय,’’ तो म्हणाला.

कदाचित होतं. तिथे माणसांनी मार खाल्ला, नोकऱ्या गमावल्या, काहींनी जीव गमावला. आमच्याकडे फक्त एका म्हाताऱ्या बाईने हात खाली घेतला. तुलना होत नाही, हे तो म्हणायच्या आधीच मला कळत होतं. पण ‘एवढंसं’ हा शब्द मला सहन झाला नाही. कमिटीत जायला मात्र ते मंडळ त्याला पुरेसं मोठं वाटत होतं. आम्ही कितीतरी दिवस कामापुरतं बोललो.

मी गप्प बसले नाही. जानेवारीत आम्ही आठ जणींनी आपापल्या नावाने फॉर्म भरले, प्रत्येकीने कुटुंबप्रमुख म्हणून स्वतःचं नाव घालून. एका पत्त्याला एकच फॉर्म चालतो, असं लिहून सगळे परत आले. काकूंचा तेवढा ठेवून घेतला, एक वर्षाच्या अटीवर. त्या वर्षीच्या गणपतीला मी स्वयंपाकाला गेले नाही. आठांपैकी तिघी माझ्याबरोबर राहिल्या, बाकीच्या गेल्या. त्यांच्यावर मी चिडले, ते चुकलं. त्यांच्या घरी काय काय ऐकावं लागलं ते मला नंतर कळलं.

काकूंचं वर्ष काही पुरं झालं नाही. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या लेकीकडे लंडनजवळ पिनरला राहायला गेल्या.

नियम बदलला तो आणखी दोन वर्षांनी. मंडळाला कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, हॉलसाठी मदत हवी होती, आणि कौन्सिलच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. सर्व प्रौढ सभासदांना समान मताधिकार आहे का? ‘हो’ लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. पंधरा मिनिटांत घटनेतलं ‘एक कुटुंब, एक मत’चं चौथं कलम बदललं. हसणं नाही, चर्चा नाही. सेक्रेटरींनी माइकवर सांगितलं, ‘‘आपलं मंडळ आजपासून भगिनींना मताधिकार देत आहे.’’ टाळ्या वाजल्या. बायकांनीही वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. देत आहे, म्हणे. जसं काही ते आतापर्यंत त्यांच्या खिशात होतं.

या वेळी नवऱ्याने हात वर केला होता, सगळ्यांच्या आधी. परतताना गाडीत तो म्हणाला, ‘‘मागच्या वेळी माझं चुकलं.’’ मी म्हटलं, ‘‘हो, चुकलं.’’ त्याने आणखी काही समजावायचा प्रयत्न केला नाही, हे मला बरं वाटलं. राग मात्र तसाच राहिला. फक्त त्याच्याबरोबर राहायची सवय झाली.

घरी आल्यावर मी पिनरला फोन लावला आणि काकूंना सांगितलं. त्यांनी पहिलंच विचारलं,

‘‘कौन्सिलने सांगितलं म्हणून का?’’

‘‘हो.’’

‘‘बरं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पुढच्या वेळी तू सेक्रेटरी म्हणून उभी राहा. आणि सभा चालू असताना किचनला कुलूप लाव.’’

पुढच्या वर्षी मी उभी राहिले. अकरा मतांनी हरले. त्या दिवशी सभेच्या वेळी किचन बंद होतं आणि जेवण एक तास उशिरा झालं.