चौदा फुटांवरचा देव

जयवंत आमच्या कातळवाडीत ग्रामपंचायतीचं पाणी सोडायच्या कामावर आहे. सकाळी सहाला व्हॉल्व्ह उघडायचा, आठला बंद करायचा, मधल्या दोन तासांत बायकांची बोलणी खायची. बोलणी तो निमूट खातो. बारा वर्षांत मी त्याला एकदाही चिडलेला पाहिला नाही, आणि शिक्षक म्हणून मला याचा फार राग येतो.

मी मूळचा सपाटीवरच्या आळे गावचा. आमच्याकडे जमीन जिथे ठेवली तिथेच सापडते. इथे तसा भरवसा नाही. माळीण गाव दरडीखाली गेल्यापासून तर पाऊस लागला की वाडीतली माणसं आधी डोंगराकडे बघतात, मग चहा घेतात.

गेल्या मे महिन्यात पुण्याहून भूगर्भाच्या आरती मॅडम आल्या. डोंगर कुठे खचेल, भूकंपाचा हादरा बसला तर काय पडेल, याचा नकाशा करायचा होता. नवी घरं, अंगणवाडी कुठे बांधायची ते त्यावरून ग्रामसभा ठरवणार. वाडीच्या डोक्यावर जमिनीला एक भेग आहे. मॅडमनी भेगेच्या वर, पक्क्या कातळात तीन खिळे ठोकले आणि भेगेखाली मातीत सिमेंटचे तीन ठोकळे रोवले. लांबून दिसावेत म्हणून ठोकळे लाल रंगवले. कातळ हलणार नाही, माती सरकली तर ठोकळा खाली जाईल. दर पंधरा दिवसांनी टेप लावून मधलं अंतर मोजायचं काम जयवंतकडे आलं, आणि वहीत लिहायचं माझ्याकडे.

पहिला ठोकळा गुरांनी पाडला. दुसरा कुणीतरी कपडे धुवायला नेला. कुणी, ते सगळ्यांना माहीत आहे. तिसरा, खिळ्यापासून चौदा फुटांवरचा, मात्र टिकला. त्याच्यापुढे आठवड्याभरात नारळ फुटला, हळदकुंकू आलं, आणि कातळातल्या खिळ्यापासून ठोकळ्यापर्यंत सुतळीत ओवलेलं आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. हे काम वाडीतल्या प्रयागबाईंचं. लाल दगड रानात एकटा बसलेला त्यांना बघवला नाही.

जयवंत बौद्ध. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नाही, हा त्याचा शिरस्ता. नारळाला धक्का न लावता तो टेप धरायचा आणि शाळेत येऊन सांगायचा, "चौदा फूट, गुरुजी." मी चौदा लिहायचो. भर पावसाळ्यात चौदा म्हणजे चौदाच. जयवंत खूश होता. भेगेच्या सरळ खाली त्याचं नवं घर आहे. तो आणि त्याची बायको प्रतीक्षा, दोघांनी सहा वर्षं खपून उभं केलेलं. आमच्या आकड्यांवरून मॅडमच्या कच्च्या नकाशात ते हिरव्या, म्हणजे बिनधोक रंगात आलं, तेव्हा त्याने मला दोनदा चहा पाजला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नकाशा पक्का व्हायचा होता. आदल्या दिवशी जयवंत शेवटचं माप घ्यायला वर गेला, तर प्रयागबाई कुदळ घेऊन ठोकळा उपटत होत्या.

"मावशी, ह्ये काय चाललंय?"

"देव खाली आला रं परत. तोरान तानून तुटतंय. वर घेते जाग्यावर."

"परत म्हंजी?"

"आखाडापासनं ही पाचवी बारी. लई ओढाळ देव हाये."

जयवंतने ठोकळ्याच्या खाली पाहिलं. एकाला एक लागून, पायऱ्यांसारखे चार जुने खड्डे. सगळ्यात खालचा म्हणजे मॅडमनी खणलेला पहिला खड्डा. त्याने कातळापासून तिथवर टेप लावली. सोळा फूट भरले; माती दोन फूट सरकली होती.

शाळेत येऊन त्याने हे सगळं सांगितलं. मी तडकलो. "नवी माती दिसत नव्हती का तुला?"

"दिसायची. वाटलं, त्यांच्या पूजेचं काय असंल. आपुन कशाला इचारावं?"

मी चार महिने चौदा लिहीत होतो आणि एकदाही वर चढलो नव्हतो, हे तो बोलला नाही. पुढे मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. "वहीत चौदा लिहिलेलंच आहे, जयवंत. तुझं घर..."

"घर ठावं हाये मला. सोळा लिवा."

शाळेत भरलेल्या ग्रामसभेत मॅडमनी सोळा ऐकलं आणि लाल पेन्सिल काढली. अकरा घरं. जयवंतने पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःचं घर स्वतः रंगवलं, रेघेबाहेर न जाता. मला रडू आलं. मी फळा पुसायला उठलो. फळा कोराच होता.

"म्हंजी मी द्येव वर घेत बसले," प्रयागबाई म्हणाल्या, "आन् तुमची घरं खाली चालली व्हती." मग त्या जयवंतकडे वळल्या, "जयवंता, वढ्यापल्याड माझं परस पडीक हाये. तिथं बांध."

मॅडमनी नकाशात पाहिलं. हिरवं, खाली कातळ. त्या परसात आजवर जयवंतच्या घरचं कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आठला व्हॉल्व्ह बंद करून जयवंत तिथे गेला. टेपचं एक टोक त्याने प्रयागबाईंच्या हातात दिलं.

"मावशी, आता हालवू नका."

"न्हाई हालवत," त्या म्हणाल्या, आणि टोक दोन्ही हातांनी धरून खाली बसल्या.